दोन बोटं जास्तीचं कापड

माझ्या दुकानात कधी कुणी हसत आलं नाही. माणूस हॉटेलात हसत जातो, सराफाकडे हसत जातो, पण आल्टरेशनवालीकडे येतो तो थोडा ओशाळलेलाच असतो. कपडा होता तसाच आहे आणि आपण मात्र तसे राहिलो नाही, हे एका परक्या बाईसमोर कबूल करायचं असतं ना! सिंगापूरला वुडलँड्समध्ये एका ब्लॉकच्या खाली, दवाखाना आणि बेकरीच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात बसून मी बावीस वर्षं ही कबुली ऐकली. "धुतल्यावर आटला" हे वाक्य मराठी, हिंदी, इंग्रजी, तमिळ आणि मलाय अशा पाच भाषांत मला कळतं. मी मान डोलवायचे आणि टेप काढायचे.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात कामाबद्दल लिहा असं सांगणं आलं, तेव्हा आधी मी नाहीच म्हणाले. इथले बाकीचे लिहिणारे बँकांतले, नाहीतर सॉफ्टवेअरमधले. त्यांच्या लेखांत जगभरचे विमानतळ असतात. माझ्या लेखात काय असणार, तर हूक आणि काजं. पण आमचे हे म्हणाले, "डोरीचं लिही. तिच्या देशात लोक तिच्यावर लिहितात, तू का नाही?" हे तांजोंग पगारच्या ऑफिसात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले असल्यामुळे प्रत्येक गोष्टीचा शेवटचा शब्द त्यांचा असतो, असा त्यांचा समज आहे. या वेळी मी तो राहू दिला.

आधी थोडं धंद्याचं सांगते. शिवण मी नाशिकला बर्वेबाईंच्या क्लासात शिकले. बाईंचा एक नियम होता आणि तो मोडला की त्या शिवलेलं सगळं उसवायला लावायच्या. ब्लाउजच्या दोन्ही कडांच्या शिवणीत, आतल्या बाजूला, दोन बोटं जास्तीचं कापड ठेवायचं. त्याला शिवणकामात माया म्हणतात. बाई म्हणायच्या, आज माप देणारी मुलगी उद्या तीच राहणार नाही, तिचं लग्न होईल, बाळंतपण होईल, कधी आजारपण येईल, तेव्हा कपडा फेकावा लागू नये. बाहेरून दिसत नाही, पण आत जागा असते. रेडीमेडमध्ये ही जागा नसते, म्हणून तर माझ्यासारखीचं दुकान चालतं.

त्या दोन बोटांवर मी किती संसार पाहिले! पुण्याच्या एक काकू दरवर्षी गणपतीच्या आधी एकच जांभळा ब्लाउज घेऊन यायच्या. एका वर्षी सैल करायचा, पुढच्या वर्षी घट्ट. तीन-चार वर्षांनी माझ्या लक्षात आलं की सून राहायला आली की काकू बारीक होतात. बँकेतले एक साहेब पँटची कंबर वाढवून घ्यायचे आणि काम झालं की 'फाइल तयार आहे' असा मेसेज पाठवायला सांगायचे, बायकोला कळू नये म्हणून. बायको माझ्याचकडे यायची. तिच्या ड्रेसच्या वेळी तिलाही मी 'फाइल तयार आहे' असंच कळवायचे.

तर एका दुपारी दारातला उजेड गेला. मान वर केली तर दारात एक गोरी बाई वाकून आत बघत होती. वाकून, कारण सरळ उभी राहिली असती तर माझी पाटी तिच्या कपाळाला लागली असती. तिने पिशवीतून एक पोहण्याचा पोशाख काढून टेबलावर ठेवला. पाठीपासून कमरेपर्यंत फाटलेला होता.

"कुत्रा?" मी विचारलं.

"नाही आंटी," ती म्हणाली. "अकाउंटंट आहे ती. खूप चांगली मुलगी आहे."

ही डोरी. पूर्ण नाव डोरोत्या. हंगेरीची. नवरा गाबोर इथल्या एका शाळेत गणित शिकवायला आला होता आणि ही जवळच्या पोहण्याच्या तलावावर एका क्लबच्या बायकांना वॉटरपोलो शिकवत होती, त्यांच्याबरोबर खेळतही होती. वॉटरपोलो म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. तिने माझ्या बटणांच्या डब्यातली बटणं मांडून समजावलं. प्रत्येक बाजूला सात जणी, त्यातली एक गोलवर. तळाला पाय टेकवायचा नाही, सगळा वेळ पाण्यात पाय मारत तरंगायचं. गोलकीपर सोडून बाकीच्यांनी चेंडू एकाच हाताने धरायचा. "आणि दुसरा हात?" मी विचारलं. तिने फाटलेल्या पोशाखाकडे बोट दाखवलं.

असे पोशाख तिच्या देशातून मागवायला फार दिवस लागायचे. मी म्हटलं, शिवते. कापड जाड आणि ताणलं जाणारं, त्याला गोल टोकाची सुई लागते, साधा दोरा चालत नाही, टाका नागमोडी घालावा लागतो. हे सगळं मला येत होतं, कारण नाचाच्या क्लासच्या मुलींचे पोशाख मी शिवायचे. डोरीचं माप घेतलं आणि खांद्याचा आकडा लिहिताना थांबून पुन्हा मोजला. तो बरोबर होता. उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली होता. मी ते पाहिलंय, हे तिने पाहिलं.

गडद निळा, गळ्याला लाल पट्टी, पाठीला झिप. आठ दिवसांत पोशाख तयार केला. असा देखणा झाला होता की मी तो दोन दिवस दुकानात टांगून ठेवला. पुढच्या सोमवारी डोरी तो घेऊन परत आली. तिच्या दंडावर ओरखडे होते आणि ती हसत होती.

झालं होतं असं की मी बर्वेबाईंची शिष्या. दोन्ही बाजूंच्या शिवणींत सवयीने दोन-दोन बोटं कापड ठेवून दिलं होतं. आतल्या त्या घडीमुळे बाहेरून हाताला जाड कड लागत होती आणि ती कड चिमटीत बरोबर बसत होती. समोरच्या संघाच्या बाईला हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. मग सगळा सामनाभर तिने डोरीला पाण्याखाली पिशवीसारखं धरून ठेवलं होतं.

"शिवण उसवली का पण?" मी विचारलं.

"एक टाकाही नाही," ती म्हणाली. "म्हणूनच सुटता आलं नाही."

आता यात कौतुक मानायचं की शरमायचं, ते मला कळेना. डोरीनेच मार्ग काढला. म्हणाली, रविवारी तलावावर ये, कपडा कुठे लढतो ते बघ.

रविवारी मी, हे आणि आमची ऋचा गेलो. ऋचा नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे आणि रविवारी झोपण्याव्यतिरिक्त काही करत नाही, पण त्या दिवशी आली. खेळाआधी पंच बाई ओळीने सगळ्यांच्या हातापायांची नखं तपासत गेली. मला शाळेतला सोमवार आठवला. एकीला नखं कापायला परत पाठवलं. हे ठीक आहे, म्हटलं, शिस्तीचा खेळ दिसतोय. मग शिट्टी झाली आणि पुढे जे काही पाहिलं त्याला शिस्त म्हणणं अवघड आहे. पाण्यावर हसरे चेहरे आणि पाण्याखाली भाजीबाजार. पंचाला दिसलं तरच गुन्हा.

पण डोरी चेंडू घेऊन पाण्यातून कमरेपर्यंत वर आली, हात मागे नेला आणि क्षणभर तशीच राहिली, तेव्हा मी बाकावरून उठलेच. जमिनीवर उभी असल्यासारखी ती पाण्यात उभी होती.

"आई," ऋचा शेजारून म्हणाली, "मला पण शाळेत सिलेक्ट केलेलं, रिमेंबर? वॉटरपोलोला. तू नाही म्हणालीस."

मला आठवत नव्हतं. मग आठवलं. सेकंडरी टूला, म्हणजे आपल्या आठवीला होती. खांदे रुंद होतील, पुढे ब्लाउज बसायचे नाहीत, असं मी म्हणाले होते. ऋचा रागावून बोलली नव्हती, नुसती आठवण म्हणून बोलली होती, त्यामुळे जास्तच लागलं. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांत जागा ठेवणारी बाई मी, आणि पोटच्या मुलीला ब्लाउजच्या मापात बसवायला निघाले होते. चुकलंच माझं. त्या दिवशी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "इट्स ओके ला, आई, तशी मी स्लोच होते." तरी जे चुकलं ते चुकलंच.

दुसरा पोशाख मी मापापेक्षा लहान बेतला, आत धागाभरही जास्तीचं ठेवलं नाही. घालायला दोघी जणी लागायच्या, एक झिप धरायला आणि एक डोरीला धरायला. पण पाण्यात तो कुणाच्या हाती लागेना. मग क्लबच्या सगळ्याच जणींनी माप दिलं. पहिला फसलेला पोशाख डोरीने मलाच दिला. तो मी मशीनच्या मागे, खिडकीजवळच्या खुंटीवर टांगला, स्वतःला आठवण राहावी म्हणून.

डोरी कोण आहे, हे तोवर मला माहीत नव्हतं. ते कळलं हॉकर सेंटरमध्ये, आमच्या इथल्या खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडपात. आम्ही दोघी चिकन राइसच्या रांगेशेजारी बसलो होतो. मी आपली नूडल्स खात होते. पलीकडच्या टेबलावर एक म्हातारं परदेशी जोडपं होतं. त्यातले आजोबा डोरीकडे बघता बघता हातात चमचा घेऊन उभे राहिले. मग त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. डोरी उठून त्यांच्या गळ्यात पडली. आजींनी माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, ही कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?

"हो तर," मी म्हटलं. "माझं गिऱ्हाईक आहे."

मग आजींनी सांगितलं. हंगेरीत वॉटरपोलो म्हणजे घराघरातला विषय. डोरी आठ वर्षांची असल्यापासून गरम पाण्याच्या उघड्या तलावात पोहायची, बाहेर बर्फ आणि पाण्यावर वाफ. पुढे देशाच्या संघात अनेक वर्षं खेळली. बसथांब्यांवर तिचे फोटो असायचे, त्यांच्या गावात दोन मुलींची नावं तिच्यावरून ठेवलेली. आणि मग एका मोठ्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला तिचा पेनल्टीचा फटका अडवला गेला. नंतर खांदा दुखावला. बरा झाला तेव्हा ती परत खेळलीच नाही, कुणाला न सांगता देश सोडून गेली. "आम्ही टाळ्या वाजवायला थांबलो होतो," आजी म्हणाल्या. "ती आलीच नाही."

चिकन राइसवाल्या अंकलने हे सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून डोरीचा फोटो त्याच्या स्टॉलवर, आणि तिच्या ताटात एक तंगडी जास्त. डोरी लाजून काही दिवस दुसरीकडे जेवायला लागली.

मध्ये तिला मुलगी झाली. नाव ठेवलं पन्ना. त्यांच्याकडे हे मुलींचं नेहमीचं नाव आहे म्हणे, मला तर आमच्याच दागिन्यांच्या डब्यातलं वाटलं. पन्ना आठ महिन्यांची असताना डोरीला तिच्या जुन्या क्लबचं पत्र आलं. संघ ऑस्ट्रेलियाला निघाला होता, वाटेत इथे एक मैत्रीचा सामना खेळणार होता. तू तुझ्या सिंगापूरच्या बायकांकडून आमच्याविरुद्ध खेळ, असं तिच्या जुन्या कप्तानीण मैत्रिणीने, आग्नेशने, लिहिलं होतं. तिला राहून गेलेला निरोप त्या सामन्याने द्यायचा, असं क्लबने ठरवलं होतं. डोरी हो म्हणाली.

सामना रविवारी होता. शुक्रवारी सकाळी ती दुकानात आली, कडेवर पन्ना आणि पिशवीत मी शिवलेला तो घट्ट पोशाख. झिप तुटलेली. सकाळी गाबोरने ओढून पाहिली होती.

"मला वाटलं, तोवर मी बारीक होईन," ती म्हणाली. रोज वाटायचं म्हणून ती रोज घालून बघायचं टाळत गेली होती. हे मी पाच भाषांत ऐकलेलं आहे, पण आज मला हसू आलं नाही.

पोशाखात मी जागा ठेवलीच नव्हती. ते जाड कापड मी जिथून आणायचे त्या दुकानात फोन केला, तर निळा रंग संपलेला, यायला दोन आठवडे. क्लबमध्ये तिच्या मापाची दुसरी कुणी नाही. डोरी स्टुलावर बसली.

"खांदा दुखतोय असं कळवते," ती म्हणाली. "आंटी, मी परत एकदा न सांगता जाणार."

ती तिच्या लोकांना तोंड न दाखवता निघून आली होती, आणि आता लोकच दारात आले तर माझ्या एका झिपेपायी ती पुन्हा लपणार होती. मी इकडेतिकडे बघायला लागले, आणि नजर खुंटीवर गेली. तो पहिला फसलेला पोशाख. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं.

"हात वर कर," मी म्हटलं.

पन्नाला कापडाच्या गठ्ठ्यावर बसवलं, हातात रिकामं रीळ दिलं. माप घेतलं. पोशाख उतरवून शिवणी उसवल्या, सगळी माया बाहेर काढली, नवी शिवण अगदी काठावर घातली. जुन्या टाक्यांची भोकं राहिली होती, त्यांच्यावरून बारीक नागमोडी टाका फिरवला. खिडकीतल्या उन्हाने पोशाखाचा निळा रंग विटला होता, पण आत राहिलेलं कापड होतं तसंच गडद होतं. त्यामुळे दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत एक-एक गडद पट्टा उमटला. दुपारी डोरीने घालून पाहिला. झिप लागली. मी कडेवरून चिमटीत धरायला बघितलं, हाताला काही लागेना. जास्तीचं कापड सगळं वापरून संपलं होतं, आता धरणार काय?

रविवारी तलावावर गर्दी होती. इथले हंगेरियन लोक झेंडे घेऊन आले होते, आमचा अंकल स्टॉल बंद ठेवून आला होता. पंच बाईंनी नखं तपासली. पन्ना माझ्या मांडीवर, शेजारी ऋचा. समोरच्या जणी आमच्या बायकांपेक्षा हातभर उंच होत्या आणि पहिल्या भागातच सामन्याचा निकाल लागल्यात जमा होता. पण ते कुणी बघतच नव्हतं. मी तर आग्नेशचा हात बघत होते. डोरीच्या पाठीला चिकटून तीच होती. पाण्याखालचं मला दिसत नव्हतं, पण तिचा चेहरा दिसत होता. धरायला जागा शोधत होती आणि ती सापडत नव्हती. एकदा तिने चक्क मान हलवली. माझ्या आयुष्यात माझ्या शिवणीला मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद.

शेवटच्या मिनिटाला आमच्या बाजूला पेनल्टी मिळाली. आमच्या जणी बाजूला झाल्या आणि त्यांनी चेंडू डोरीकडे ढकलला. हंगेरियन लोकांचे झेंडे एकदम खाली आले. त्यांना सगळ्यांना तो जुना फटका आठवत होता, हे न सांगता कळत होतं. ऋचाने माझा हात धरला. शिट्टी झाली. डोरी वर आली, हात मागे गेला, फटका गेला. गोलकीपरने तो अडवला.

डोरी डोक्यापर्यंत पाण्याखाली गेली. वर आली तेव्हा ती हसत होती, तोंडात पाणी जाईपर्यंत हसत होती. मग आग्नेशने पाण्यावर तळवा आपटला. मग सगळ्यांनी. दोन्ही संघांच्या बाया पाण्यावर तळवे आपटत होत्या आणि वर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ज्या टाळ्या त्या आजी-आजोबांना वाजवता आल्या नाहीत, त्या इथे वुडलँड्सच्या तलावावर वाजल्या. डोरीने काठाला येऊन सगळ्यांना हात केला. मी रडले. पन्ना माझ्याकडे बघून रडायला लागली आणि मग मला थांबावं लागलं.

पुढे महिनाभर क्लबमधल्या शाळकरी मुली येत होत्या. त्यांना बाजूला गडद पट्टे असलेला 'डोरी डिझाइन' हवा होता. उन्हात तीन वर्षं टांगायचा असतो तो, हे मी त्यांना सांगितलं नाही. पट्टे वेगळे कापून लावून दिले.

यंदा डोळ्यांनी साथ सोडली आणि मी दुकान बंद केलं. शेवटच्या आठवड्यात मी मशीन पुसत असताना दारातला उजेड गेला. डोरी आणि तिचं बोट धरून पन्ना. तिला पोहायला घालायचं होतं. मी माप घेतलं, तीन वर्षांच्या पोरीचे खांदे टेपमध्ये मावेनात असं वाटलं.

"आंटी," डोरी म्हणाली, "आत दोन बोटं जास्त ठेव. वाढणार आहे ती."

मी चार ठेवली.